कष्टाचा घाम, कसरतीचा घाम

व्यायाम ही रिकाम्या माणसाची गोष्ट आहे, असे आमच्या भागात अजूनही मानतात. पांढरे बूट घालून पहाटे झपझप चालणारे एखादे साहेब दिसले की वावराकडे निघालेली मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. 'आमच्याकडे पाठवा त्याले, दोन ओळी निंदल्या की पोट आपोआप उतरते,' हा विनोद मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे हसू येणे केव्हाच थांबले. पण या विनोदाच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. घाम तेवढा सारखाच. मग तो तालमीच्या मातीत गाळा की तुरीच्या धुऱ्यावर!

हा सिद्धान्त खरा असता तर माझी माय बुलढाणा जिल्ह्यातील सर्वांत बलवान स्त्री असायला हवी होती. गेली तीस वर्षे ती निंदते, कापूस वेचते, सोयाबीन सोंगते आणि उन्हाळ्यात हापशीवरून पाणी आणते. तिच्याइतका घाम कोणत्या पैलवानाने गाळला असेल? आणि तरीही संध्याकाळी उंबऱ्यावरून उठताना तिला चौकटीचा आधार घ्यावा लागतो. वय म्हणाल तर अजून पन्नाशीच्या आतले.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शरीरशास्त्राशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. तो आला ताईमुळे. ताई पोलीस भरतीची तयारी करते. आमच्याकडे चिखली, मेहकर, बुलढाणा या कुठल्याही रस्त्याला पहाटे उभे राहा, भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींच्या रांगा दिसतील. कोरडवाहू तीन-चार एकरांवर घर चालत नाही हे या मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. शारीरिक चाचणीचे ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. त्यातला गोळा ४ किलोचा. ताईजवळ गोळा नव्हता, म्हणून वाण्याच्या काट्यावर तोलून तिने चार किलोचा एक धोंडा नाल्यातून निवडून आणला होता. तो आजही आमच्या अंगणात तुळशीजवळ असतो. पाहुण्यांना तो कुठला तरी देव वाटतो.

ताईची दिनचर्या अशी: पहाटे चार ते सहा धावणे, मग दिवसभर वावर, संध्याकाळी पुन्हा धावणे आणि रात्री अभ्यास. आबांना, म्हणजे आमच्या आजोबांना, यातले धावणे तेवढे अनाठायी वाटे. 'दिवसभर राबते पोरगी, तिले आनिक कायची कसरत पायजे?' हे त्यांचे ठरलेले वाक्य. इतके करूनही ताईची वेळ तीन महिन्यांत एका सेकंदानेही सुधारली नाही. उलट नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले आणि दुसऱ्या फेरीत तिचा दम साफ तुटू लागला. घरात कुजबुज सुरू झाली की हिला हे झेपायचे नाही. एक स्थळ आले आहे, ते पाहून घ्यावे. ताई आळशी असेल, पण कोणत्या बाजूने, ते मला दिसेना. म्हणून मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शारीरिक शिक्षणाच्या कपाटाकडे वळले.

तिथे पहिली गंमत भेटली ती लंडनच्या बसची. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून. वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. काम हाच व्यायाम, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कोणता हवा? आबांना मी हे सांगितले तेव्हा ते मिशीतल्या मिशीत हसले होते. परंतु पुढच्या काळात डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच चित्र दिसले. फुरसतीच्या वेळी केलेली हालचाल हृदयाला तारक ठरते. पण पोटासाठी दिवसभर केलेले अवजड काम मात्र तसे ठरत नाही, कित्येकदा ते मारकच ठरते. या विरोधाभासावर विद्वानांत अजून वाद आहेत. गरिबी, धूम्रपान, आहार यांचा त्यात वाटा किती, हा वादाचा मुद्दा. पण त्यांनी दिलेली कारणे मी वाचली आणि प्रत्येक कारणाला मला मायचा चेहरा दिसू लागला.

व्यायाम थोडा वेळ चालतो आणि जोराचा असतो. नाडी चढते, मग उतरते आणि माणूस थांबतो. कष्टाचे काम आठ-आठ तास चालते. ते इतके जोराचे नसते की हृदयाची क्षमता वाढावी आणि इतके हलकेही नसते की हृदयाला उसंत मिळावी. त्यातून वाकून राहणे, उकिडवे बसणे, ओझे धरून उभे राहणे अशा कामांत स्नायू आखडलेल्या स्थितीतच राहतो. आखडलेल्या स्नायूतून रक्त नीट वाहत नाही आणि रक्तदाब मात्र चढा राहतो. सर्वांत मोठा फरक हा की व्यायाम करणारा दमला की थांबू शकतो. रोजाने गेलेली बाई ओळ संपेपर्यंत थांबू शकत नाही.

शरीर बळकट होते ते व्यायाम करताना नव्हेच. व्यायामाच्या वेळी ते थोडेसे मोडते. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात, साठवलेली साखर खर्ची पडते, हाडाचा जुना भाग पेशी खाऊन टाकतात. नंतरच्या एक-दोन दिवसांत, अन्न आणि झोप मिळाली तर, ही डागडुजी होते आणि ती पूर्वीपेक्षा किंचित वरचढ होते. पावसाने धुऱ्याचा बांध खचला की शहाणा शेतकरी तो भरताना वीतभर उंच भरतो, तसेच हे. पण बांध भरायच्या आतच दुसरा पाऊस आला आणि लगेच तिसरा आला, तर? तर बांध उंच होत नाही, वाहून जातो. मायचा बांध गेली तीस वर्षे भरायचा राहिला आहे.

भार वाढवत नेणे हीही एक अट आहे. प्राचीन ग्रीसमधल्या मायलो नावाच्या मल्लाची कथा सांगतात. तो रोज एक वासरू खांद्यावर घेई. वासराचा बैल झाला तेव्हा मायलोही तेवढा बलवान झालेला होता. कथा ती कथाच, पण १९४५ साली अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जायबंदी सैनिकांवर हीच युक्ती चालवली. त्याआधी अशा सैनिकांना हलके वजन पुष्कळ वेळा उचलायला लावीत. डीलॉर्म यांनी जड वजन थोड्या वेळा आणि ते क्रमाक्रमाने वाढवत दिले, आणि पाय लवकर बळकट झाले. आजच्या साऱ्या शक्तिवर्धक व्यायामाचा पाया तोच. खुरप्याचे वजन तीस वर्षांत वाढत नाही. शरीर पहिल्या दोन-तीन हंगामांत त्याला सरावते आणि तिथेच थांबते. पुढे उरते ती फक्त झीज.

शिवाय शरीर मोठे हिशेबी असते. जे मागाल तेवढेच ते देते. आमच्या बुलढाण्याच्याच प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लूसरला १४९-१४८ असे एका गुणाने हरवून धनुर्विद्येत सुवर्णपदक मिळवले. खामगावच्या बाजारात शेकडो पोती वाहणाऱ्या हमालाच्या हाती ते धनुष्य द्या, तो ते ओढील. पण बाण सुटेपर्यंत खांद्याचा कंप रोखून धरणे ही ताकद वेगळी आणि पाठीवर पोते पेलणे ही ताकद वेगळी. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज मैलोगणती चालला-धावला, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण २०२४ साली पॅरिसमध्ये ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत पूर्ण करणारा साबळे घडला तो सैन्यात गेल्यावर, २०१५ पासून मिळालेल्या शिस्तबद्ध सरावातून. गावाने त्याला पाया दिला, भिंती नाही.

आता आबांच्या तालमीविषयी. ते तरुणपणी गावच्या तालमीत जात. जोर, बैठका, मुद्गल, आणि दगडाचा नाल उचलणे हे सारे त्यांनी केले आहे. आपल्या विदर्भाला या विद्येचा मोठा वारसा आहे. अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने आपले देशी खेळ जगापुढे करून दाखवले. मुद्गलाचे तर असे की इंग्रज अधिकाऱ्यांनी तो आपल्याकडून उचलून विलायतेला नेला आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याचा धाकटा भाऊ चक्क स्पर्धेचा प्रकार झाला. साध्या जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. पैशाचे एकही उपकरण न लागता एवढा भार देणारी ही योजना ज्यांनी शोधली त्यांना दंडवतच घातला पाहिजे. म्हणजे पुन्हा एक जोर झाला!

एका रात्री मी आबांना सहज विचारले, 'आबा, तालमीत जात होते तेव्हा वावरात किती राबत होते?' आबा फुशारकीने म्हणाले, 'कायचं राबणं? वस्ताद कामाले हातच लावू देत नसे. दुपारी मालीश, मंग झोप. घरचं दूध सारं माह्याच वाट्याचं.' आणि बोलता बोलता ते एकदम थांबले. चुलीपाशी माय भांडी घासत होती. मी काही बोलले नाही. त्यांच्या वस्तादाने कोणतेही पुस्तक न वाचता कष्ट आणि कसरत यांत नेमका भेद केला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, तेव्हा पैलवानाला नुसता आखाडा देऊन ते थांबले नव्हते. खुराकाचीही तजवीज होती. पैलवानाची ताकद दुसऱ्या कोणाच्या तरी खर्चाने उभी राहते. दरबाराच्या नाही तर घरातल्या बायकांच्या.

ताईचा प्रश्न आम्ही तीन ठिकाणी धरला. पहिला रक्ताचा. सरकारी दवाखान्यात तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ९. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे ताईकडे १२ मिलिलिटर प्राणवायू होता आणि शेजारून धावणाऱ्या १३ हिमोग्लोबिनच्या मुलीकडे सुमारे साडेसतरा. ८०० मीटर ही तीन मिनिटांच्या आसपासची धाव. तिला लागणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा प्राणवायूवरच तयार होतो. दुसऱ्या फेरीत दम तुटत होता तो जिद्द कमी पडल्यामुळे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली होती. पहाटेच्या त्या रांगांत किती मुली अर्ध्या पेट्रोलवर गाडी पळवत असतील! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह शोषले जात नाही आणि लिंबू पिळले तर ते जास्त शोषले जाते, हे कळल्यापासून आमच्या घरी चहा दीड तास पुढे गेला. यावरून आबांनी केलेला त्रागा हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.

दुसरा प्रश्न गोळ्याचा. ताई तो हाताने फेकत असे. तुम्ही म्हणाल, मग काय पायाने फेकायचा? तर हो, पायानेच. जोर जमिनीपासून निघतो. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर फिरते, मग धड, मग खांदा आणि सर्वांत शेवटी मनगट. आसूड ओढताना मूठ आधी थांबते आणि टोक नंतर फटकारते, त्याच क्रमाने. आणखी एक मौज: शाळेत शिकलो होतो की ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते. गोळ्याला ते लागू नाही. तो जमिनीवरून नव्हे, खांद्याच्या वरून सुटतो आणि माणसाला वरच्या दिशेपेक्षा पुढच्या दिशेला जास्त जोर लावता येतो. म्हणून चांगले फेकणारे ३६ ते ३८ अंशांच्या आसपास सोडतात. ताईने कोन मोजला नाही. अंगणातल्या लिंबाच्या एका फांदीवर नजर ठेवली. महिनाभरात धोंडा दीड हात पुढे पडू लागला. दंड काही फुगले नव्हते. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती स्नायूंना एकजुटीने कामाला लावणाऱ्या मज्जातंतूंची समज.

तिसरा प्रश्न विश्रांतीचा, आणि तो सर्वांत अवघड निघाला. नडगीचे दुखणे हे हाडाचे दुखणे होते. हाडावर ताण पडला की त्याचा जुना भाग आधी पोखरला जातो आणि नवा नंतर भरतो. मधले काही आठवडे हाड पूर्वीहून कच्चे असते. त्याच काळात डांबरी रस्त्यावर रोज दोनदा धावणे म्हणजे ओल्या भिंतीवर छप्पर चढवणे. ताईने डांबर सोडून गावठाणाची माती धरली. एक दिवस जोराचे धावणे, दुसऱ्या दिवशी हलके, रविवारी काहीच नाही, असे वेळापत्रक झाले. कागदावर ते फार छान दिसले. पण जोराच्या धावण्यानंतर दिवसभर वाकून निंदायचे, तर त्याला विश्रांती म्हणता येईना. ताईने आठवड्यातून तीन दिवस वावरात जाऊ नये असे निघाले. आणि मग, ते तीन दिवस कोणाचे?

मायने ते कोणाला न विचारता स्वतःकडे घेतले. सुट्टीच्या दिवशी मी जाते. पण माझा वेग तिच्या निम्मा. ताईची वेळ सुधारू लागली, नडगी बरी झाली, रक्त साडेअकरावर आले. या सर्वांचा जमाखर्च मांडला तर खर्चाच्या बाजूला मायची कंबर आहे.

तिच्या कंबरेचे गणित मी वहीत मांडून पाहिले. पाठीचा कणा ही एक तरफ आहे. पंधरा किलोचा भरलेला गुंड वाकून उचलताना तो मणक्यापासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असतो. त्याला पेलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या जेमतेम ५ सेंटिमीटर मागे. म्हणजे आठपट जोर लागला: १२० किलो. वाकलेल्या धडाचे वजन आणखी वेगळे. गुडघ्यात वाकून गुंड पोटाशी धरला तर अंतर निम्मे होते आणि जोरही निम्मा. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात तर जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजले. सरळ उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर पुढे झुकल्यावर १५०, हातात २० किलो घेऊन झुकल्यावर २२०, आणि उताणे निजल्यावर अवघा २५. डोक्यावरच्या ओझ्याबद्दल १९८६ साली एक सुखद शोध लागला होता. केनियातील ओझी वाहणाऱ्या काही स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचे ओझे जादा प्राणवायू न खर्चता नेतात, असे दिसले. नंतरच्या अभ्यासांत हे सर्वांना लागू पडले नाही, ते सोडून देऊ. मायचे वजन ४५ किलो. पाचवा हिस्सा ९ किलो. गुंड पंधराचा आणि वर कळशी.

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. निंदून उठल्याबरोबर ओझे उचलायचे नाही. बराच वेळ वाकल्यावर मणक्यांना बांधणारे अस्थिबंध सैलावलेले असतात, त्यांना आवळायला पाच-दहा मिनिटे द्यायची. आणि दुपारी भाकर खाल्ल्यावर पंधरा मिनिटे उताणे निजायचे. पहिली तिने ऐकली. दुसरीला ती म्हणाली, 'लोकं काय म्हणतीन, भरदुपारी बाई वावरात लोळते.' यावर शरीरक्रियाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. तोड काढली आबांनी. दुपारी ते स्वतः काठी टेकत वावरात जाऊ लागले आणि लिंबाखाली बसून म्हणू लागले, 'मी बसलो राखणीले, तू टेक पाठ.' सासऱ्यासमोर आडवे होणे मायला पहिले आठ दिवस जमलेच नाही. आबा तोंड फिरवून बसत.

भरतीची जाहिरात अजून निघालेली नाही. ताई म्हणते की तिला जसे तीन दिवस मिळाले तसा आठवड्यातला एक तरी दिवस मायला पूर्ण मिळाला पाहिजे. यावर घरात कोणाचे दुमत नाही. पण कोणता दिवस, ते ठरत नाही. रविवारी ताईचे मैदान बंद असते आणि मजुरीचे पैसे वाटायचे असतात, गुरुवारी बाजार. सध्या बुधवारवर बोलणे चालू आहे.